वर्गातली लेखनवही: शिक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मुंबईतल्या मराठी शाळांतले शिक्षक, इंग्रजी माध्यमात मराठी शिकवणारे शिक्षक आणि काही पालक यांच्याकडून वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. लेखनवही म्हणजे नक्की काय? निबंधाची वही आहे, रोजनिशी आहे, मग ही आणखी कशाला?

निबंधाच्या वहीत विषय शिक्षकांचा असतो, मुद्दे फळ्यावरचे असतात आणि बऱ्याचदा वाक्यं गाईडातली असतात. म्हणून चाळीस वह्यांत चाळीस वेळा 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' वाचायला मिळतं. रोजनिशी चार दिवसांत 'सकाळी उठलो, दात घासले' या वळणावर येते. लेखनवहीत मूल स्वतःच्या डोक्यातलं स्वतःच्या शब्दांत लिहितं. ती एखादी यादी असेल, अर्धवट सोडलेली गोष्ट असेल, आजीशी झालेलं भांडण असेल, ट्रेनमध्ये कानावर पडलेलं एखादं वाक्य असेल किंवा न पाठवलेलं पत्र असेल.

तीन गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत. विषय मूल ठरवतं, मार्क नसतात, आणि शिक्षक वही वाचतात ते वाचक म्हणून. यातली एक जरी सुटली तरी महिन्याभरात तिची निबंधवही होते. पुढची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींतूनच निघतात.

2. कोणत्या इयत्तेपासून सुरू करायची?

पहिलीपासून. पहिली-दुसरीत मूल चित्र काढतं आणि खाली जमेल तसा एखादा शब्द किंवा एखादं वाक्य लिहितं. 'हे काय आहे रे?' असं विचारून त्याने सांगितलेलं वाक्य तुम्ही पानाच्या तळाला लिहून ठेवा, पण त्याने काढलेली वेडीवाकडी अक्षरं खोडू नका. तिसरी-चौथीत पाच-सहा ओळी पुरतात, पाचवीनंतर अर्धं ते एक पान. नववी-दहावीत वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे. तिथे आठवड्यातून एकदा लिहून घ्या. प्रसंगलेखन आणि आत्मकथन हे परीक्षेतले प्रकार याच सरावावर उभे राहतात, हे पालकांना सांगितलं की विरोध बराच कमी होतो.

3. वही कसली घ्यायची? किती पानी?

पहिली-दुसरीला एका बाजूला कोरं पान आणि समोर रेघा असलेली वही सोयीची, म्हणजे प्रयोगवहीसारखी. तिसरीपासून साधी एकरेघी. चाररेघी आणि दुरेघी वहीत मुलाचं सगळं लक्ष अक्षर रेघेत बसवण्यात जातं, ती सुलेखनासाठी ठेवा.

पानांचा हिशोब असा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस किमान 200 आणि सहावी ते आठवीचे 220. आठवड्यातून तीनदा लिहिलं तर वर्षात शंभर ते एकशे दहा वेळा लिहून होतं. चौथीपर्यंत अर्ध्या पानाच्या हिशोबाने 100 पानी वही पुरते. पाचवीपासून 200 पानी घ्या.

शिवलेली वही घ्या, स्पायरल नको. स्पायरलचं पान एका झटक्यात निघतं, आणि लिहिलेलं आवडलं नाही की मुलं हमखास पान फाडतात. फाडलेल्या पानाबरोबर त्यातलं एखादं चांगलं वाक्यही जातं. नको असलेल्या मजकुरावर एक तिरकी रेघ मारायची आणि पुढे जायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. अख्ख्या वर्गासाठी घेत असाल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात वह्या मिळतात. खाकी कव्हर घालायला हरकत नाही, पण त्यावर काय चिकटवायचं ते मुलावर सोडा.

4. आठवड्यातून किती वेळा? 35 मिनिटांच्या तासात हे बसवायचं कसं?

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. रांगेतल्या पहिल्या मुलाने वह्या वाटायच्या, त्यात दोन मिनिटं जातात. एका मिनिटात तारीख घालून होते. मग दहा मिनिटं शांतपणे लिहायचं. उरलेल्या दोन मिनिटांत ज्याला वाटेल त्याने आपलं वाचून दाखवायचं. हे तासाच्या सुरुवातीला करा. शेवटी ठेवलं की धडा लांबतो आणि लेखन उद्यावर जातं. दोन सत्रांच्या शाळेत शेवटच्या तासाला तर दुपारची मुलं दारात येऊन उभी असतात.

सुरुवातीला दहा मिनिटं मुलांना झेपत नाहीत. पाच मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. त्या वेळात तुम्हीही लिहा, जमल्यास फळ्यावर. शिक्षक खोडतात, अडतात, शब्द बदलतात हे मुलांनी बघायला हवं. नाहीतर मोठ्या माणसांना लिहिणं पहिल्या फटक्यात जमतं असाच त्यांचा समज राहतो.

5. पहिल्या दिवशी काय करायचं?

कोरं पान समोर ठेवून 'लिहा' म्हणू नका. आधी यादी करून घ्या. फळ्यावर लिहा: 'घरून शाळेत येईपर्यंत मला ऐकू आलेले आवाज'. तुमची स्वतःची यादी आधी करा: शटर वर जाण्याचा आवाज, कुकरची शिट्टी, खिडकीवरची कबुतरं, 'पुढील स्टेशन दादर', पाववाल्याच्या सायकलची घंटी. मग मुलांना पाच मिनिटं द्या. यादी कुणालाही जमते, वाक्य न येणाऱ्यालाही. त्यानंतर यादीतल्या एकाच आवाजाभोवती गोल करायला सांगा आणि त्याबद्दल तीन ओळी लिहून घ्या: कुठे ऐकला, तेव्हा तू काय करत होतास, तो थांबल्यावर कसं वाटलं. पहिला दिवस इथेच संपवा. ही यादी वहीच्या शेवटच्या पानांवर ठेवा, म्हणजे पुढे विषय सुचला नाही की मूल तिकडे वळतं.

6. मुलं म्हणतात 'काय लिहू?' आणि बसून राहतात. विषय द्यायचा का?

विषय देऊ नका, जागा दाखवा, आणि ती लहान ठेवा. 'माझी आई' या विषयावर सगळी मुलं तेच ते लिहितात. 'आईचे हात' म्हटलं की कुणी पिठाबद्दल लिहितं, कुणी मासळीच्या वासाबद्दल, कुणी काचेच्या बांगडीने झालेल्या जखमेबद्दल. 'माझा प्रवास' सांगू नका, 'डब्यात चौथ्या सीटवर बसणं' सांगा. 'गणेशोत्सव' फार मोठा होतो, 'विसर्जनानंतरचा रिकामा मांडव' पुरतो. 'पाऊस' म्हणण्यापेक्षा 'पाणी तुंबलं त्या दिवशी माझे बूट' म्हणा.

एक काळजी घ्यायला हवी. काही विषय काही मुलांना बाहेर ठेवतात. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं राहत असतील तर 'माझी खोली' लिहिताना मूल एक तर खोटं लिहितं नाहीतर गप्प बसतं. त्याऐवजी 'मी झोपतो ती जागा' असं सांगा. सुट्टीत गावी न जाणारी मुलं बरीच असतात. काहींच्या घरी बाबा नसतात. सुचवलेली जागा नाकारायची मुभा प्रत्येक वेळी असू द्या.

आणि थोडं थांबायला शिका. चार मिनिटं खिडकीबाहेर बघणारं मूल बऱ्याचदा मनात जुळवाजुळव करत असतं. सलग तीन-चार वेळा पान कोरंच राहिलं तर शेजारी बसा, तोंडी विचारा आणि त्याने सांगितलेलं पहिलं वाक्य तुम्ही लिहून द्या.

7. शुद्धलेखनाच्या चुका सुधारायच्या की तशाच सोडायच्या?

वहीत सुधारायच्या नाहीत. वर्गात शिकवायच्या.

लाल पेनाने चौदा गोल मिळालेलं मूल पुढच्या वेळी कमी लिहितं आणि जे शब्द बिनचूक येतात तेवढेच वापरतं. 'चविष्ट', 'झणझणीत', 'खमंग' लिहिताना चुकायची भीती वाटते, म्हणून सगळं 'छान' होतं. वरवर पाहिलं तर चुका कमी झाल्या असं वाटतं, प्रत्यक्षात शब्दसंग्रह आटलेला असतो. हे नुकसान वहीत दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक.

पण शुद्धलेखन वाऱ्यावर सोडायचं असाही याचा अर्थ नाही. वह्या वाचताना स्वतःजवळ एक छोटी नोंदवही ठेवा आणि पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका टिपा. दर पंधरवड्याला त्यातल्या फक्त तीन निवडा आणि प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. उदाहरणार्थ, 'फूल' दीर्घ पण 'फुलं' ह्रस्व, 'मूल' पण 'मुलाला', 'गरीब' पण 'गरिबी', 'बहीण' पण 'बहिणीने'. अशा आठ-दहा जोड्या फळ्यावर लिहा आणि नियम मुलांनाच शोधू द्या. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो हे कळल्यावर कुणीतरी 'आणि'चं काय, असं विचारतंच. तेव्हा 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद सांगा. प्रश्न मुलांकडून आला की अपवाद लक्षात राहतो.

एखादं पान भित्तिपत्रकावर किंवा हस्तलिखितात जाणार असेल तर ते मात्र पूर्ण शुद्ध करून घ्या. तेव्हा वाचक बदललेला असतो, आणि मुलांना हे सहज पटतं.

8. 'मी गेली', 'मम्मी बोलली', 'माझ्याला', 'मेरेको'... ही मुंबईची भाषा चालवून घ्यायची?

लेखनवहीत घ्यायची. एका पाचवीच्या मुलीने लिहावं तसं हे पान बघा:

'आज पाणी उशीरा आला. मी हंडा घेऊन लाईनीत ऊभी राहिली. पुढचीच्या बादलीत बारीक धार पडत होती. मम्मी बोलली शाळेत जा पण मी नाय गेली. हंडा भरत आला तेव्हा आवाज बारीक झाला.'

'उशीरा' आणि 'ऊभी' या ह्रस्व-दीर्घाच्या चुका आहेत, त्या तुमच्या नोंदवहीत जातील (प्रश्न 7). 'मी राहिली', 'नाय गेली', 'बोलली' या चुका नव्हेत. ही बोली आहे, मुंबईत आणि कोकणात लाखो घरांत ती रोज बोलली जाते. 'पाणी आला' हे शेजारच्या हिंदीतून आलं असावं. पण या पानावर सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर ते शेवटचं वाक्य. हंडा भरत येताना धारेचा आवाज बदलतो, हे या मुलीने रांगेत उभं राहून टिपलं आहे. तुमचा प्रतिसाद तिथे जायला हवा: 'हंडा भरताना मी आता कान देऊन ऐकेन. आवाज बारीक व्हायच्या आधी कसा येत होता?'

प्रमाणभाषा शिकवायला वेगळा तास घ्या. फळ्याचे दोन भाग करा: 'घरात बोलतो तसं' आणि 'पुस्तकात छापतात तसं'. 'मी गेली' एका बाजूला, 'मी गेले' दुसऱ्या बाजूला. 'मम्मी बोलली' आणि 'आई म्हणाली'. मालवणी, आगरी, अहिराणी बोलणारी मुलं आपापल्या घरचे शब्द घालतात आणि पहिला रकाना वाढत जातो. दुसरा रकाना परीक्षेत आणि अर्जात लागतो, हे त्यांना स्पष्ट सांगा. पहिल्या रकान्यातलं वाक्य मोठ्याने वाचून वर्गाला हसू देऊ नका. त्यानंतर ते मूल ओठांवरचं काही कागदावर आणत नाही.

9. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. वाचणार कधी?

सगळ्या वह्या एकदम कधीच गोळा करू नका. रोज पाच घ्या. 45 चा पट असेल तर नऊ दिवसांत फेरी पूर्ण होते, 55 चा असेल तर अकरा दिवसांत. एका वहीला तीन मिनिटं, म्हणजे रोज पंधरा मिनिटं. मधली सुट्टी किंवा ऑफ तास पुरतो. हजेरी क्रमांकाने पाच-पाचचे गट करा आणि तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे आपली पाळी कधी ते मुलांना कळतं.

प्रत्येक पान वाचायची गरज नाही. मागच्या फेरीपासून लिहिलेल्या पानांपैकी एकाला मुलाने 'हे वाचा' अशी खूण करायची. तेवढं नीट वाचा, बाकी चाळा. गठ्ठे घरी नेऊ नका. गर्दीच्या लोकलमध्ये पाच वह्याही जड होतात, आणि एखादी हरवली तर तो विश्वास परत मिळवायला वर्ष जातं.

10. वहीत प्रतिसाद काय लिहायचा?

'छान', 'सुंदर', 'व्हेरी गुड' याने मुलाला काहीच कळत नाही. एक वाक्य तुम्हाला काय दिसलं याचं आणि एक खरा प्रश्न, एवढं पुरतं: 'तुझ्या आजोबांनी चष्मा पुसला तेव्हा ते रडत होते, हे तू न सांगताच कळलं. नंतर ते काय म्हणाले?' प्रश्न खरा हवा, उत्तर तुम्हाला माहीत नसलेला. पेन्सिलने, मजकुराच्या खाली लिहा. मुलाच्या ओळींमध्ये घुसू नका.

11. याचे मार्क द्यायचे का? आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात) धरता येईल का?

वहीला मार्क नाहीत. पण वहीतून निघालेल्या लेखनाला देता येतात. प्रत्येक शैक्षणिक सत्राच्या शेवटी मुलाने वहीतलं एक पान निवडायचं, ते वाढवून, दुरुस्त करून वेगळ्या कागदावर लिहायचं, आणि त्या कागदाचं मूल्यमापन करायचं. कच्चं आणि पक्कं शेजारी ठेवलं की प्रगती पालकांना दाखवता येते.

वर्णनात्मक नोंदींना मात्र वही फार उपयोगी पडते. 'लेखनात प्रगती आहे' अशी सगळ्यांना चालेल अशी नोंद करण्यापेक्षा 'जूनमध्ये सलग तीन वाक्यं लिहीत होता, नोव्हेंबरपासून संवाद अवतरणचिन्हांत घालतो' असं लिहिता येतं.

12. तपासणीला आलेले अधिकारी विचारतात, 'वही तपासली का नाही?' काय दाखवायचं?

वहीच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी छापून चिकटवा: 'ही लेखनवही आहे. यातील लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे व कच्चे आहे. चुकांची नोंद शिक्षक स्वतंत्रपणे ठेवतात व त्यावर वर्गात अध्यापन होते.' खाली मुख्याध्यापकांची सही घ्या, जूनमध्येच. सोबत वाचनाच्या फेऱ्यांचा तक्ता (प्रश्न 9) आणि चुकांची नोंदवही (प्रश्न 7) तयार ठेवा. हे तीन कागद समोर ठेवले की हा प्रश्न सहसा तिथेच मिटतो.

13. वही घरी द्यायची का? आम्हा पालकांना बघायची असते.

वही वर्गातच राहू द्या. घरी गेली की दादा चुका काढतो, क्लासच्या बाई पान पुन्हा लिहून घेतात, आणि मूल घरच्यांना आवडेल तेवढंच लिहू लागतं. शिवाय लहान घरांत स्वतःची म्हणून वस्तू ठेवायला जागा नसते. दप्तराच्या वजनाचाही प्रश्न आहे. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे, आणि 200 पानी आणखी एक वही त्यात भरच घालते.

पालकांनो, तुमची उत्सुकता रास्त आहे. पालकसभेच्या दिवशी मुलाला विचारून, त्याने निवडलेली पानं जरूर बघा. बघताना अक्षराबद्दल बोलू नका, लिहिलंय त्याबद्दल बोला.

सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत एकच वर्गखोली वापरली जात असेल तर कुलपाचं कपाट लागेलच. रांगेनुसार गठ्ठे करा आणि प्रत्येकाला रुंद इलॅस्टिक लावा. सुतळीच्या गाठी सोडण्यातच दोन मिनिटं जातात.

14. पावसाळ्यात वह्यांची पार वाट लागते. काय करायचं?

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि त्याच सुमारास पाऊसही, त्यामुळे नवी वही पहिल्याच महिन्यात दमट होते. कपाटाच्या तळाच्या खणात ठेवू नका. भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवता येतो, दर महिन्याला बदला. जेल पेनची शाई दमट कागदावर पसरते आणि मागच्या पानावर उमटते. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरू द्या.

वही भिजलीच तर चिकटलेली पानं लगेच ओढून सोडवू नका, ओला कागद शिवणीपाशी फाटतो. आधी वही जुन्या वर्तमानपत्रात दाबून पाणी टिपून घ्या. मग ती उभी करून पानं पंख्यासारखी उघडा आणि पंख्याखाली ठेवा. अर्धवट सुकल्यावर दर दहा पानांमध्ये कोरा कागद घाला आणि दोन-दोन तासांनी बदला. छापलेला कागद आत घातला तर शाई उमटते. पूर्ण सुकल्यावर जड पुस्तकांखाली एक रात्र दाबा. इस्त्री फिरवू नका.

15. मुलाने खाजगी काही लिहिलं तर ते वाचायचं का?

दुमडलेलं पान वाचायचं नाही. पान उभं मधोमध दुमडलं की ते फक्त मुलाचं. हा नियम पहिल्या आठवड्यात सांगा आणि पाळा. एकदा जरी मोडलात तर मुलांना कळतं, आणि मग दुमडलेल्या पानांतही काही खरं येत नाही.

दुसरी बाजूही त्याच दिवशी सांगा: 'न दुमडलेलं मी वाचेन. तुम्हाला कुणी त्रास देतंय असं त्यातून कळलं तर मी गप्प बसणार नाही, मदत मिळेल तिथे सांगेन.' 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. कधीकधी ते पाळता येत नाही, का ते पुढच्या उत्तरात आहे.

16. वाचताना मूल धोक्यात आहे असं वाटलं तर नेमकं काय करायचं?

घाई करू नका आणि टाळूही नका. त्याच दिवशी मुलाशी एकट्याने पण दार उघडं ठेवून बोला. 'तू लिहिलेलं वाचलं. तू सांगितलंस ते बरं केलंस.' एवढ्याने सुरुवात करा. खोदून खोदून विचारू नका आणि उत्तरं सुचवू नका. मूल सांगेल तेवढं त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. पानाचे फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका. वही कुलपात ठेवा.

लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखांनी न कळवल्यास ती अधिक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. 'शाळेची बदनामी होईल' हे कारण कायद्यात बसत नाही. शंका घरातल्याच कुणावर असेल तर आधी घरी फोन करू नका. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी, जी 1996 मध्ये मुंबईतच सुरू झाली, चोवीस तास चालते आणि तिथे शिक्षकही फोन करू शकतात.

'मला जगायचं नाही' अशा अर्थाचं काही लिहिलेलं दिसलं तर ते नाटक समजू नका. मुलाला त्या दिवशी एकटं घरी पाठवू नका, विश्वासातल्या पालकाला शाळेत बोलवा, समुपदेशकांशी जोडून द्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करून पुढे काय करायचं हे विचारता येतं.

17. शिव्या, वर्गातल्या कुणाची बदनामी, किंवा शिक्षकांवरच टीका लिहिली असेल तर?

शिक्षकांवरची टीका वाचा आणि उत्तर द्या, शिक्षा नको. 'सर फक्त पहिल्या बाकाला विचारतात' हे खरं असेल तर बदल करा. गोष्टीतलं पात्र शिवी देत असेल तर आधी ती तिथे का आली ते बघा. दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन त्याला दुखावणारं लिहिलं असेल तर ते पान वाचून दाखवायचं नाही, हे ठाम सांगा आणि राग कशाचा आहे ते एकट्याने विचारा.

18. मूल गाईडमधून किंवा मोबाइलवरून उतरवतं. ओळखायचं कसं?

लेखन वर्गातच होत असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तरी पाठ केलेली वाक्यं येतात, 'निसर्गाच्या कुशीत' किंवा 'अविस्मरणीय क्षण' अशी. आरोप करू नका. 'हे कुठे घडलं? तेव्हा तुझ्या हातात काय होतं?' असं विचारा. पुढचं वाक्य त्याचं स्वतःचं येतं.

19. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. मुलांना मराठी बोलताही धड येत नाही, लेखनवही कशी चालवायची?

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, त्यामुळे हा प्रश्न अलीकडे फार येतो. मिश्र भाषा चालू द्या. न सुचलेल्या शब्दाच्या जागी मुलाने गुजराती, हिंदी, तमिळ, इंग्रजी, जो येईल तो शब्द लिहायचा आणि खाली रेघ मारायची. लेखन संपल्यावर रेघ मारलेल्या शब्दांपैकी तीनच मराठीत शोधायचे, शेजाऱ्याला, तुम्हाला किंवा शब्दकोशाला विचारून. ते शब्द वहीच्या मागे लिहायचे. आठवड्याला नऊ शब्द होतात, आणि ते त्या मुलाला खरोखर हवे असलेले असतात.

उर्दू किंवा गुजराती लिपीची सवय असलेल्या मुलांना, आणि मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना, पहिले दोन महिने तशी मोकळीक द्या. मात्र प्रत्येक वेळी शेवटचं एक वाक्य देवनागरीत हवं. हिंदी येणाऱ्या मुलांना 'ळ' तेवढा वेगळा शिकवावा लागतो.

20. ज्याला लिहिताच येत नाही त्याचं काय?

तोंडी सांगू द्या, मित्राने किंवा तुम्ही लिहून घ्या, आणि शेवटी एक शब्द त्याने स्वतः लिहायचा. बोलणं भरपूर आणि समृद्ध आहे, पण महिनोन्‌महिने अक्षरं उलटी पडतात, जोडाक्षरं सुटतात, फळ्यावरचं उतरवतानाही चुकतं, असं दिसलं तर ते आळशीपण समजू नका. ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते, आणि ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिची तपासणी होते. पालकांशी बोलताना तारखा घातलेली वही सोबत ठेवा, तपासणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते.

21. चांगलं पान वर्गात वाचायला लावलं किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर चालेल?

वाचायला लावू नका, विचारा. 'नको' म्हटलं की विषय संपला. ग्रुपवर टाकायचं तर आधी मुलाची आणि मग पालकांची परवानगी लागते, आणि घरातल्या माणसांबद्दलचं काहीही टाकू नये. मुलाने लिहिलेलं 'बाबा रात्री पिऊन येतात' हे वाक्य इमारतीतल्या चाळीस फोनवर गेलं तर त्याची किंमत ते मूलच मोजतं.

22. वर्ष संपल्यावर किंवा मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर वहीचं काय?

वही मुलाची आहे, शाळेची नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक तास ठेवा. प्रत्येकाने आपली वही पहिल्या पानापासून वाचायची आणि शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या स्वतःला दोन ओळी लिहायच्या. मग वही घरी. दुमडलेली पानं घरी जाताना कुणाला चिकटपट्टीने बंद करायची असतील तर करू द्या.

मुंबईत भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंब हलतं, पुनर्विकासात चाळ पडली की अख्खी गल्ली संक्रमण शिबिरात जाते, आणि मूल सत्राच्या मधेच जातं. दाखला देतानाच वही हातात द्या. त्यासाठी दाखल्यांच्या फाइलवर 'लेखनवही दिली' असा एक रकाना आखून ठेवा. न सांगता गेलेल्या मुलांच्या वह्या वेगळ्या गठ्ठ्यात, नाव आणि तुकडी घालून, निदान पुढचं एक शैक्षणिक वर्ष जपा. बरीच मुलं दिवाळीनंतर किंवा पुढच्या जूनमध्ये परत येतात. त्यानंतरही कुणी आलं नाही तर त्या रद्दीवाल्याला देऊ नका. तिथली पानं भेळेच्या पुड्यापर्यंत पोचतात. पानं फाडून, पाण्यात भिजवून, लगदा करून मगच टाका.